बँड सहाची जागा आणि कानातला मळ

प्रश्न : ताई, मी मूळची सांगलीची. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर पुण्यात नोकरी केली आणि २०२२ मध्ये इंग्लंडला आले. मिडलंड्समधल्या एका एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) रुग्णालयात सर्जिकल वॉर्डात बँड ५ वर, म्हणजे नर्सच्या पहिल्या वेतनश्रेणीत आहे. आमच्या वॉर्डात नाक-कान-घशाच्या खाटा आहेत. बँड ६ साठी दोनदा मुलाखत दिली, दोन्ही वेळा नकार आला. आता ईएनटी ओपीडीत फक्त कानांचं क्लिनिक चालवणाऱ्या सिस्टर निवृत्त होताहेत. त्यांच्या हाताखाली एका नर्सला तयार करून ती जागा द्यायची, असं ठरलंय. मेट्रन म्हणाल्या, तू अर्ज कर. माझे मिस्टर म्हणतात, त्यापेक्षा दोन दिवसांचा मायक्रोसक्शनचा (मायक्रोस्कोपमधून बघत कानातला मळ नळीनं ओढून काढण्याचा) खाजगी कोर्स कर आणि शनिवार-रविवार स्वतःचं क्लिनिक टाक. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "एवढं शिकून लोकांच्या कानातला मळ काढणार?" आणि मला वेगळीच भीती, की वॉर्ड सुटला तर बाकीचं नर्सिंग विसरायला होईल. चार-पाच वर्षांनी परत यायचा विचार आहे. तिकडे या कामाला काही किंमत असेल का?

उत्तर : अर्ज कर. कोर्सचे पैसे इतक्यात भरू नकोस. क्लिनिकचा विषय निदान वर्षभर तरी बाजूला ठेव.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण तुझं पत्र वाचताना वाटलं की हे काम नेमकं काय असतं ते तुम्हा तिघांपैकी कुणालाच नीट दिसलेलं नाही. त्यात नवल नाही. मी याच देशात ईएनटीच्या ओपीडीत बरीच वर्षं काढली आहेत. शेजारच्या वॉर्डातल्या नर्सनाही त्या मायक्रोस्कोपच्या खोलीत काय चालतं ते माहीत नसतं.

आधी सासूबाई. त्यांच्या डोळ्यासमोर कोण आलं असेल ते मला दिसतंय : फूटपाथवर बसून काडीला कापूस गुंडाळणारा माणूस. त्यांना रागावू नकोस, त्यांनी आयुष्यभर तेच पाहिलंय. त्यांना एवढंच सांग, की मोठ्या माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, मळ तिथेच तयार होतो. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा, आणि त्या हाडावरची कातडी इतकी पातळ की नळीचं टोक नुसतं टेकलं तरी पेशंट खुर्चीतून उठतो. तिथे घशालाही जाणाऱ्या व्हेगस नर्व्हची एक फांदी येते, म्हणून कानाला हात लावला की काही जणांना खोकल्याची उबळ येते. सक्शनच्या गार हवेनं काहींना गरगरतं. मशीनचा आवाज पडद्याजवळ एवढा मोठा वाटतो की आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. एका हातात स्पेक्युलम, दुसऱ्या हातात सक्शनची नळी, डोळे मायक्रोस्कोपला, आणि खुर्चीत मान स्थिर न राहणारे ऐंशी वर्षांचे आजोबा. पुढे ऑडिऑलॉजीवाले ताटकळलेले, कारण कान मळानं भरलेला असेल तर ना ऐकण्याची तपासणी नीट होते, ना श्रवणयंत्रासाठी कानाचं माप घेता येतं. हे काम हलकं नाही.

आणि मळ हा त्यातला सोपा भाग. कानाचं हाड सडलं म्हणून ज्यांचं मॅस्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं असतं, त्यांच्यातल्या अनेकांच्या कानात कायमची पोकळी राहते. निरोगी कानाची कातडी आपोआप बाहेरच्या दिशेनं सरकत राहते आणि मळ बरोबर आणते. या पोकळीला ते जमत नाही. त्यामुळे ही माणसं सहा महिन्यांनी, वर्षानं, बहुतेक जण जन्मभर साफसफाईला येतात. तू ज्या सिस्टरांच्या जागी जाणार, त्यांच्या यादीत निम्म्याहून जास्त नावं अशांची असली तर मला आश्चर्य वाटणार नाही. पोहणाऱ्यांचे आणि एक्झिमावाल्यांचे सुजलेले, वाहणारे कान असतात. तिथे आधी कान कोरडा करून आत वात बसवायची, मग त्या वातीवर थेंब टाकायचे, नाहीतर औषध आत पोचतच नाही.

खरी नर्स कळते ती कानात मळ नसतो तेव्हा. बाई येतात, म्हणतात, चार दिवसांपूर्वी उजव्या कानाला एकदम दडे बसले, मळ झाला असेल, काढून द्या. तू बघतेस तर नळी स्वच्छ, पडदा चकचकीत. मळ काढण्याच्या खाजगी दुकानात बसलेला माणूस 'मळ नाही' म्हणून त्यांना घरी पाठवेल. नाइस या इथल्या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक सूचना, एनजी ९८, वेगळं सांगते : तीन दिवसांत किंवा त्याहून लवकर, दुसरं काही कारण दिसत नसताना ऐकू येणं गेलं असेल आणि ते गेल्या तीस दिवसांत घडलं असेल, तर पेशंटला चोवीस तासांच्या आत तज्ज्ञानं पाहायला हवं. तसंच प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाचं : कान दुखतोय, वाहतोय आणि उपचार सुरू करून बहात्तर तास झाले तरी उतार नाही, तर तातडीनं पुढे पाठवायचं, कारण तो संसर्ग कवटीच्या हाडात शिरलेला असू शकतो. मधुमेही म्हाताऱ्या माणसाला कानाच्या दुखण्यानं रात्र-रात्र झोप लागत नसेल, तर मी तेच आधी मनात आणते. कशाला हात लावायचा नाही आणि कुणाला आजच्या आज डॉक्टरांसमोर बसवायचं, यासाठी तुला बँड ६ चा पगार मिळणार आहे. मळ काढायला तर हळूहळू कुणीही शिकेल.

म्हणूनच मी दोन दिवसांच्या कोर्सला 'थांब' म्हणते. कोर्स वाईट असतात असं नाही, काही चांगले आहेत. रॉदरहॅमच्या इअर केअर सेंटरनं तर या देशातल्या नर्सना कानाचं काम शिकवण्याची पायवाटच घालून दिली. जीपींकडच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांकडच्या कितीतरी नर्स त्यांच्याच पद्धतीवर तयार झाल्या. प्रश्न असा, की कानाच्या कामासाठी एनएमसीच्या (इथल्या नर्सिंग कौन्सिलच्या) रजिस्टरवर वेगळी नोंद नसते. कायद्यानं ठरवून दिलेली एकच एक पदवी नाही. तुझी पात्रता म्हणजे तीन कागद : थिअरी कुठे शिकलीस, किती कान कुणाच्या देखरेखीखाली केलेस, आणि 'ही आता एकटी करू शकते' अशी सही कुणी केली. दोन दिवसांत पहिला कागद मिळतो. दुसऱ्याची सुरुवात होते, तीही बऱ्याचदा प्लास्टिकच्या कानावर. तिसरा मिळतच नाही, मिळतं ते हजेरीचं सर्टिफिकेट. तुला तर रुग्णालय दुसरा आणि तिसरा कागद स्वतःच्या खर्चानं द्यायला बसलंय. पहिल्यासाठीही तेच पैसे देतील, फक्त मागायला हवेत. वार्षिक अप्रेझलमध्ये लिहून माग आणि प्रॅक्टिस एज्युकेशनच्या टीमला ईमेल कर. आपल्याकडच्या मुली इथे एक चूक हमखास करतात, सगळं स्वतःच्या खिशातून भरतात आणि वर सुट्टीच्या दिवशी शिकायला जातात.

चांगलं प्रशिक्षण कसं असतं ते आधी माहीत असू दे, म्हणजे मुलाखतीत तूही चार प्रश्न विचारशील. सुरुवातीला नुसतं बघायचं. मग ओटोस्कोप घेऊन जितके मिळतील तितके कान पाहायचे, त्यातही निरोगी कान जास्त. निरोगी पडदा शंभर रूपांत पाहिला नसेल तर बिघडलेला ओळखू येत नाही. मग साधा मळ. नाइसच्या त्याच सूचनेत हातानं मारायची जुनी पिचकारी वापरू नका असं स्पष्ट आहे; त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक इरिगेटर, मायक्रोसक्शन किंवा प्रोबनं काढणं. त्याआधी मळ मऊ करायचे थेंब, लगेच आधी किंवा पाच दिवसांपर्यंत. पडद्याला भोक असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल, गेल्या सहा आठवड्यांत संसर्ग झाला असेल किंवा तो ऐकू येणारा एकुलता एक कान असेल, तर पाण्याच्या वाटेला जायचंच नाही. हे सगळं पाठ होऊन हात बसला, की मग वाहणारे कान. मॅस्टॉइडच्या पोकळ्या सगळ्यात शेवटी, आणि त्याही कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर, हाकेच्या अंतरावर असताना.

मुलाखतीत विचार : माझ्यावर देखरेख कोण करणार, नावानिशी सांगा. आठवड्यातले किती तास शिकण्यासाठी राखीव? निवृत्त होणाऱ्या सिस्टर किती महिने बरोबर असतील? बँड ६ कधीपासून लागू, पहिल्या दिवसापासून की सही झाल्यावर? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घे. तोंडी 'लवकरच' यावर दोन-दोन वर्षं काढलेल्या मुली मला माहीत आहेत.

पैशाचंही स्पष्ट बोलू, कारण घरात तो विषय निघणारच. इंग्लंडच्या २०२५-२६ च्या वेतनश्रेणीत बँड ५ सुरू होत होता ३१,०४९ पाउंडांवर आणि चार वर्षांनी ३७,७९६ वर थांबत होता. बँड ६ सुरू होत होता ३८,६८२ वर. म्हणजे तू बँड ५ च्या माथ्यावर पोचलीस की बढतीनं वर्षाला जेमतेम नऊशे पाउंड वाढतात. शिवाय ओपीडीत रात्रपाळी आणि रविवार नाहीत, म्हणजे त्यांचे जादा पैसेही गेले. पहिली दोन वर्षं हातात येणारा पगार कमीही झालेला दिसेल. मिस्टरांना हे आधीच सांग. फायदा पुढे आहे : त्याच श्रेणीत बँड ६ पाच वर्षांत ४६,५८० वर जात होता आणि बँड ७ चं दार तिथूनच उघडतं.

आता त्या दोन नकारांबद्दल. तू तपशील दिला नाहीस, पण मी अशा पॅनेलवर बसले आहे आणि आपल्याकडून आलेल्या नर्सचं कुठे अडतं ते वारंवार पाहिलंय. प्रसंग सांगा म्हटलं की त्या वॉर्डाचं कौतुक सांगतात : टीमनं केलं, डॉक्टरांनी सांगितलं, सगळं नीट पार पडलं. पॅनेलच्या हातात गुणांचा तक्ता असतो आणि त्यात तू स्वतः काय ओळखलंस, काय ठरवलंस, त्याचं पुढे काय झालं, एवढ्यालाच गुण असतात. शालीनतेला रकाना नाही. त्यामुळे दोन-तीन प्रसंग घरी लिहून काढ आणि मोठ्यानं बोलून बघ. वॉर्डातलेच चालतील. मॅस्टॉइडच्या ऑपरेशननंतर पेशंटचा चेहरा एका बाजूला वाकडा झालेला पहिल्यांदा तुझ्या लक्षात आला असेल, तर तो प्रसंग सोन्यासारखा आहे.

आणखी एक गोष्ट कर, आणि ती मुलाखतीच्या आधीच कर. मेट्रनना विचारून ओपीडीत एक-दोन दिवस नुसती बस. बसलीस की एक छोटी मोजणी कर : त्या क्लिनिकला आलेल्या किती जणांचा मळ दगडासारखा कडक होता म्हणून त्यांना थेंब देऊन परत पाठवावं लागलं? त्यातल्या किती जणांना अपॉइंटमेंटच्या पत्रात 'आधी थेंब घाला' असं कळवलं होतं? वीस-तीस पेशंटांचे आकडे पुरतात. पत्रात एक ओळ वाढवून फुकट जाणाऱ्या अपॉइंटमेंट वाचतील असं तू कागद पुढे ठेवून सांगितलंस, तर पॅनेल तुला विसरणार नाही. मात्र मोजणीची परवानगी आधी घे. इथे ऑडिटचीही नोंदणी असते.

जागा मिळाली असं धरून पुढचं सांगते. मेहनत केलीस तर दोन-तीन वर्षांत तुझं स्वतःचं क्लिनिक चालू असेल. त्यानंतर व्ही-३०० चा, म्हणजे नर्सला औषधं लिहून देता यावीत यासाठीचा कोर्स कर, म्हणजे कानाचे थेंब लिहून द्यायला दर वेळी डॉक्टरांच्या दारात उभं राहावं लागणार नाही. रजिस्टरवर एक वर्ष झालेली नर्स त्याला पात्र असते, पण रुग्णालयाचा पाठिंबा आणि शिकवायला तयार असलेला प्रिस्क्रायबर लागतो. त्यापुढे अॅडव्हान्स्ड प्रॅक्टिसची मास्टर्स. २०१७ च्या चौकटीप्रमाणे तिचे चार खांब आहेत : प्रत्यक्ष उपचार, नेतृत्व, शिकवणं आणि संशोधन. ती झाली की साधारण बँड ८-अ ची पदं.

पण एक धोका आहे, आणि तो तुला मेट्रन सांगणार नाहीत. निव्वळ कानाची शिडी अरुंद आहे. एका रुग्णालयात अशा जागा असतात एक, दोन, फार तर तीन, आणि त्या रिकाम्या होतात कुणी निवृत्त झालं तरच. बँड ७ च्या ईएनटी नर्स प्रॅक्टिशनरकडून नाक आणि घसाही अपेक्षित असतो : घोळणा फुटून रक्त येणारा पेशंट सांभाळणं, नाकातून दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहणं, ट्रेकिऑस्टॉमी. तेव्हा कानात रमलीस तरी पहिल्या दोन वर्षांतच नाकाच्या क्लिनिकला बसायची सवय ठेव. 'मी कानाची सिस्टर' या ओळखीचा अभिमान जरूर बाळग, त्यात अडकू नकोस.

वॉर्डातलं नर्सिंग विसरायची भीती खोटी नाही, पण तिचा उपाय सोपा आहे : महिन्यातून एखादी बँक शिफ्ट, म्हणजे ऐच्छिक जादा पाळी, आपल्याच जुन्या वॉर्डात. एनएमसीच्या दृष्टीनं काहीच अडत नाही. नोंदणी टिकवण्यासाठीचं तीन वर्षांचं रिव्हॅलिडेशन, त्यातले ४५० तास काम आणि ३५ तास शिक्षण, हे क्लिनिकमध्येही तितकंच भरतं.

मिस्टरांचा हिशोब मी उडवून लावणार नाही. जीपींकडे मळ काढणं बऱ्याच ठिकाणी बंद झाल्यामुळे लोक पैसे देऊन खाजगीत जातात, हे खरं आहे. बाजार आहेच. श्रवणयंत्र विकणाऱ्या डिस्पेन्सरला एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी सक्तीची आहे, नुसता मळ काढणाऱ्याला तसं बंधन नाही. त्यामुळे दुकानं भराभर निघाली. पण ते बंधन नसलं तरी तुझ्यावर एनएमसीचं आहे. कानाच्या दुकानात तू पडदा फाडलास तर जबाब नर्स म्हणून द्यावा लागेल, आणि रुग्णालयाचं विमासंरक्षण फक्त रुग्णालयाच्या कामाला असतं. खाजगीसाठी वेगळं घ्यावं लागतं. त्याहून आधी व्हिसा. तुझा व्हिसा स्पॉन्सरला बांधलेला आहे. बाहेरचं काम किती आणि कोणत्या स्वरूपात चालतं हे इमिग्रेशनच्या वकिलाला फी देऊन विचार. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारू नकोस. दोन-तीन वर्षांनी हात बसलेला असेल, सही झालेली असेल, तेव्हा हाच बेत पुन्हा काढा. त्या वेळी मी विरोध करणार नाही.

राहता राहिलं परत येणं. इथे मी तुला गोड बोलून फसवणार नाही. महाराष्ट्रात तुझ्यासाठी अशी खुर्ची तयार नाही. मायक्रोस्कोपखाली कान साफ करणं तिथे ईएनटी सर्जन किंवा त्यांचे रेसिडेंट करतात, सिस्टर हातात हत्यारं देते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या पोस्ट बेसिक डिप्लोमांत क्रिटिकल केअर आहे, ऑन्कोलॉजी आहे, नवजात बालकांचं नर्सिंग आहे, ऑपरेशन रूम आहे. कानाला स्वतंत्र जागा नाही. सरकारी सेवेत अधिपरिचारिकेची परिसेविका होते ती ज्येष्ठतेनं, कानाच्या कौशल्यानं नाही. कुणी सुचवेल की ऑडिऑलॉजिस्ट हो. त्यासाठी बीएएसएलपी ही चार वर्षांची पदवी पहिल्यापासून करावी लागते आणि नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे. वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्यासाठी उत्तम आहे, पण तो वेगळाच पेशा. नर्सिंगची पुढची पायरी समजून त्यात पडू नकोस.

काम मात्र तिथे डोंगराएवढं आहे. कान फुटणं आपल्याकडे अजून 'मुलं मोठी झाली की थांबतं' म्हणून सोडून देतात, पावसाळ्यात कानात बुरशी, वर्षभर हेअरपिना आणि लसूण घालून कडवलेलं तेल. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये डोळे आणि नाक-कान-घशाच्या नेहमीच्या तक्रारी धरलेल्या आहेत, आणि तिथे बसणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांत नर्सिंगमधून आलेलेही असतात. त्यांना ओटोस्कोप धरायला कोण शिकवणार? जागतिक आरोग्य संघटनेनं प्राथमिक कर्णआरोग्यासाठी २०२३ मध्ये प्रशिक्षणाचं पुस्तक काढलं, ते फुकट उतरवून घेता येतं. तुझी किंमत तिथे शिकवणारी म्हणून आहे : एखादं मोठं खाजगी रुग्णालय, कॉक्लिअर इम्प्लांट करणारं युनिट, वैद्यकीय महाविद्यालयाचा ईएनटी विभाग. जागा जाहिरातीत दिसणार नाही, एखाद्या सर्जनला पटवून ती तयार करून घ्यावी लागेल. नर्सिंग कॉलेजात प्राध्यापकी करायची असेल तर मात्र एम.एस्सी. नर्सिंगच लागते. इंग्लंडची अॅडव्हान्स्ड प्रॅक्टिसची मास्टर्स त्या जागी चालेल असं गृहीत धरू नकोस, फी भरायच्या आधी कौन्सिलला लेखी विचार.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना? नसेल तर या महिन्यातच बघ. आणि क्लिनिक सुरू झाल्यापासून प्रत्येक कानाची नोंद ठेव, पेशंटचं नाव न घालता : काय दिसलं, काय केलं, देखरेख कुणाची. दर तीन महिन्यांनी कन्सल्टंटची सही घे. निघायच्या वेळी एकदम घेऊ म्हणशील तर तोवर ते दुसऱ्या रुग्णालयात गेलेले असतील.